खुलासा: ओकॅमल ५ चा कंपायलर इफेक्ट तपासत नाही

‘ओकॅमल ५ मध्ये इफेक्ट हँडलर आले, आता कोणतं फंक्शन कोणता इफेक्ट करतं ते टाइपमध्येच दिसतं,’ असा दावा ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल फिरतोय. (इफेक्ट म्हणजे फंक्शनने मध्येच थांबून बाहेर केलेली विनंती; ती हाताळतो तो हँडलर.) दावा चुकीचा आहे. डिसेंबर २०२२ च्या ५.० आवृत्तीत हँडलर आले खरे, पण टाइपमध्ये त्यांचा मागमूसही नाही. आत इफेक्ट करणारं ‘परफॉर्म’ असो वा नसो, पूर्णांक घेऊन पूर्णांक देणाऱ्या फंक्शनचा टाइप ‘इंट ते इंट’ असाच छापला जातो. हँडलर लावायला विसरलात तर कंपायलर हूं की चूं करत नाही; प्रोग्राम चालताना ‘इफेक्ट.अनहँडल्ड’ येऊन आपटतो. इफेक्ट टाइपमध्ये नोंदवते ती कोका ही वेगळी भाषा. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

दुसरी खाच कंटिन्युएशनची, म्हणजे ‘परफॉर्म’पाशी थांबलेल्या, हँडलरच्या हाती आलेल्या उरलेल्या कामाची. ते एकदाच चालवता येतं. दुसऱ्यांदा ‘कंटिन्यू’ केलंत की अपवाद (एक्सेप्शन) येतो. म्हणून बॅकट्रॅकिंगचे (त्याच जागी परत येऊन दुसरा पर्याय तपासण्याचे) शोधनिबंधांतले नमुने इथे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत. आणि एकदाही चालवलं नाहीत, तर आत उघडलेली फाइल तशीच उघडी राहू शकते. नको असेल तेव्हा ‘डिसकंटिन्यू’ने अपवाद पाठवा, म्हणजे आतलं ‘फन.प्रोटेक्ट’ (अपवाद आला तरी शेवटची आवराआवर करणारं फंक्शन) ती फाइल बंद करतं.

५.३ मधली नवी ‘इफेक्ट’ वाक्यरचना ही फक्त हँडलर लिहिण्याची सोय आहे; इफेक्टची तपासणी तिच्यामुळेही होत नाही.