पाकीट परत घेता का?

मागच्या सोमवारी, दुपारच्या निवांत वेळी, एक ताई दुकानात आल्या. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. दहातल्या चार संपलेल्या, सहा शिल्लक. "भाऊ, हे परत घेता का? आता नकोयत." कापलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही. पण का नको, ते विचारलं, तर त्यांनी मोबाइलच पुढे केला.

फॉरवर्ड ओळखीचा निघाला. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर तो मला आधीच दोनदा आला होता, सोसायटीच्या ग्रुपवर एकदा. मजकूर थोडक्यात असा: मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्यामुळे डिप्रेशन येतं, हे २०२२ मध्ये खोटं ठरलं. डिप्रेशनच्या या गोळ्या आणि साखरेच्या गोळ्या सारख्याच. कंपन्यांनी हे दडवलं. एकदा सुरू केल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. त्यांनी आत्महत्या वाढतात. म्हणून आजच बंद करा, पहाटे चाला, मन घट्ट करा.

इंदिरानगरात मी बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. डॉक्टर नाही. गोळ्या विकून माझं घर चालतं, हेही लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

सेरोटोनिनचं खरं आहे. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. डिप्रेशनच्या रुग्णांमध्ये सेरोटोनिन कमी असतं, याला त्यांना ठोस आधार सापडला नाही. "मेंदूतलं केमिकल कमी झालंय, गोळीने भरून निघेल" हे वाक्य मीही काउंटरवर कितीतरी जणांना ऐकवलंय. आता नाही ऐकवत. पण त्यावरून गोळी कुचकामी कशी ठरते? क्रम बघा ना. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टीबी हॉस्पिटलात आयप्रोनियाझिड नावाचं टीबीचं औषध देऊन बघत होते, तर खंगलेले पेशंट हसू-बोलू लागले, जेवण मागू लागले. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून हे डॉक्टर इमिप्रामिन नावाचं औषध वेगळ्याच आजारावर वापरून बघत होते. त्यावर नाही, पण उदासीवर ते चाललं, आणि १९५७ मध्ये त्यांनी तसं जाहीर केलं. रसायन कमी पडल्याचा सिद्धांत नीट मांडला गेला तो साठच्या दशकात. गुण आधी दिसला, कारण मागाहून चिकटवलं. चिकटवलेलं कारण निघून आलं, एवढंच २०२२ मध्ये झालं. गुण येतो का आणि किती, हे वेगळं मोजावं लागतं.

ते मोजलेलंही आहे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला: १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. एकवीसच्या एकवीस औषधं साखरेच्या गोळीपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली. इथे टाळ्या वाजवायच्या आधी फरक केवढा, ते बघा. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडच्या २३२ चाचण्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. डिप्रेशन मोजायच्या ५२ गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी फरक दोन गुणांच्याही आतच निघाला. मात्र ही सरासरी फसवी आहे. सगळ्यांना थोडा थोडा गुण येतो असं नाही. शंभरातल्या साधारण पंधरा जणांना गोळीमुळे मोठा फरक पडतो, असा जो साखरेच्या गोळीने पडला नसता. बाकीच्यांतले बरेच साखरेच्या गोळीवरही सुधारले असते, काही कशानेच नाही. ते पंधरा कोण, हे आधी ओळखता येत नाही. 'सारख्याच' हा शब्द त्या पंधरा जणांवर अन्याय आहे, आणि "घ्या हो, आठ दिवसांत खडखडीत" म्हणणाऱ्या दुकानदाराचा शब्द उरलेल्या पंच्याऐंशींवर.

दडवादडवीबद्दल मी फॉरवर्डच्या बाजूने आहे. २००८ मध्ये एरिक टर्नर या मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकी औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या छापील लेखांशी ताडून पाहिल्या. औषधाच्या बाजूने गेलेल्या ३८, त्यातल्या ३७ छापून आल्या. बाजूने न गेलेल्या ३६, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला औषध चाललं असं वाटावं, आणि फक्त तीन जशा होत्या तशा. कोणत्याही धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको. पण वरचा दोन गुणांचा हिशेब प्रशासनाकडच्या नोंदींतूनच काढलेला आहे, छापील लेखांतून नाही. दडवलेलं धरूनही थोडा फरक उरतोच.

आता सुटण्याचा मुद्दा. ताईंचं पाकीट मी उलटं केलं. नावाच्या शेवटी 'प्लस' होतं. मागे बारीक अक्षरांत दोन नावं: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. पहिलं डिप्रेशनचं औषध, दुसरं झोपेच्या गोळ्यांच्या घराण्यातलं. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. कारणही समजण्यासारखं आहे. पहिल्या औषधाला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला कधी घालमेलच वाढते. तोवर माणसाला झोप लागावी, छातीतली धडधड थांबावी, म्हणून दुसरं. ते काही आठवड्यांत कमी करत बंद व्हायला हवं. होत नाही. पेशंट दवाखान्यात परत जात नाही, जुनी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे येतो, आणि आम्ही, म्हणजे मीसुद्धा, कधी कधी तारीख न बघता पाकीट काढून देतो. सहा महिन्यांनी घरातले म्हणतात, "बघा, डिप्रेशनच्या गोळीची सवय लागली." सवय लागलेली असते ती बहुतेकदा 'प्लस'ची. महिनोन् महिने घेतलेलं क्लोनाझेपाम एका रात्रीत बंद केलं तर झोप उडते, हात थरथरतात, एखाद्याला फिटही येते.

पहिल्या औषधाची गोष्ट निराळी. दारूची येते तशी तलफ त्याची येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण ते सोडतानाही त्रास होऊ शकतो: चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. काही डॉक्टर हे वर्षानुवर्षं किरकोळीत काढत आले, आणि तिथे पेशंटची तक्रारच बरोबर होती. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात औषध बंद केलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना अशी लक्षणं दिसली. साखरेची गोळी बंद केलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना दिसली. तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. शरीरातून पटकन निघून जाणाऱ्या पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनच्याच औषधांना त्रास जास्त, दिवसेंदिवस रेंगाळणाऱ्या फ्लुओक्सेटिनला कमी. आणि शेवटचा टप्पा सगळ्यात चिवट असतो, कारण अगदी लहान डोसही मेंदूत बरीच जागा व्यापतो. दहा मिलिग्रॅमवरून पाच सोपं, पाचवरून शून्य अवघड. म्हणून पाचची गोळी अर्धी करून महिनाभर घेणारे माझ्याकडे येतात. ते घाबरट नाहीत, शहाणे आहेत.

'आयुष्यभर' मात्र खोटं. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बरं वाटत असलेल्या ४७८ जणांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. निम्म्यांची गोळी हळूहळू बंद केली. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. यात दोन्ही बाजूंना हवं ते सापडेल. मला दिसतं ते एवढंच की बंद केलेल्या शंभरातले चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले.

आत्महत्येबद्दल फॉरवर्ड निम्मंच सांगतो. २००४ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा आला, तो मुलं आणि किशोरांसाठी. चाचण्यांत गोळी घेणाऱ्या मुलांपैकी ४ टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं दिसलं, साखरेच्या गोळीवर २ टक्क्यांमध्ये. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष मृत्यू एकही नव्हता. २००७ मध्ये इशारा २४ वर्षांपर्यंत वाढवला. पुढच्या वयात ही वाढ दिसली नाही, ६५ नंतर तर धोका घटलेला दिसला. तेव्हा कॉलेजातल्या पोराला गोळी सुरू झाली असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं, बेचैनी वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

गंमत म्हणजे खरी काळजी करावी अशा गोष्टी फॉरवर्डमध्ये नाहीतच. या गोळ्यांनी काही म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम घसरतं. सोबत गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढतो. काहींची लैंगिक इच्छा मरते, आणि हे काउंटरवर कुणी बोलत नाही.

पहाटे चालण्याला कुणाचा विरोध असणार? २०२४ च्या 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात चालणं, योगासनं, वजनं उचलणं, सगळ्यांचा डिप्रेशनवर उपयोग दिसलाय, जरी त्यातले बरेच अभ्यास कच्चे होते. पण ज्याला अंथरुणातून उठून दात घासणं होत नाही, त्याला गोल्फ क्लबला चार फेऱ्या मारायला सांगणं म्हणजे लंगड्याला काठी टाकून पळायला सांगणं. इगतपुरीला विपश्यनेला जायचं म्हटलं तरी फॉर्मवर मानसिक आजार आणि चालू औषधं विचारतातच.

ताईंना हे सगळं काही मी सांगितलं नाही, एवढा वेळ कुणाला असतो. विचारलं, किती दिवस घेताय? "दोन वर्षं होतील दिवाळीला." बंद कधी केली? "शनिवारपासून." आणि झोप? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी पाकिटावरची 'प्लस'ची ओळ बोटाने दाखवली, आणि चिठ्ठीवरच्या नंबरला तिथूनच फोन लावला. बंदच करायची आहे, पण हळूहळू, असं सांगा म्हटलं. कंपाउंडरने डॉक्टरांना विचारून आजची गोळी घ्यायला सांगितली आणि मंगळवारी सहाची वेळ दिली.

पाकीट त्यांनी उचललं, पर्समध्ये ठेवता ठेवता थांबल्या. "भाऊ, जरा कागदात गुंडाळून द्या ना. घरी सासूबाई आहेत."