चाळिशी आली म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन? आधी हे वाचा

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला, आणि दोन पेशंटनी मोबाइल पुढे करून तोच दाखवला. मजकूर थोडक्यात असा: चाळिशीनंतर प्रत्येक पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन संपत जातं, हा पुरुषांचा मेनोपॉज. थकवा, सुटलेलं पोट, चिडचिड ही त्याचीच लक्षणं. एकदा रक्त तपासा, आकडा ५०० च्या (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली आला की इंजेक्शन सुरू करा. हार्मोन शरीरातलंच, त्यामुळे अपाय नाही. पौरुष वाढतं, मूल व्हायलाही मदत होते. हृदयाला धोका नाही हे २०२३ मध्ये सिद्ध झालंय.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

वयानुसार पातळी घटते हे बरोबर, साधारण वर्षाला एक टक्का. पण बाईची पाळी जाते तेव्हा अंडाशयाचं काम थांबतं. पुरुषाच्या वृषणांचं असं थांबत नाही. युरोपात आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. रक्तातली कमतरता आणि तिची लक्षणं दोन्ही एकत्र असलेले पुरुष निघाले सुमारे दोन टक्के. कमतरतेशी घट्ट नातं दिसलं ते तीन लैंगिक तक्रारींचं: इच्छा कमी होणं, ताठरता न येणं आणि पहाटेची ताठरता जाणं. नुसत्या थकव्याचं नातं फारच सैल होतं.

आता तो ५०० चा आकडा. तो कुठून आला कळत नाही. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ ३०० ही सीमा धरतात, तिथल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने तरुण निरोगी पुरुषांसाठी खालची मर्यादा २६४ दिली आहे. आणि आकड्याइतकीच महत्त्वाची आहे वेळ. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वात जास्त असतं, दिवसभरात उतरतं, जेवल्यावर उतरतं, तापात आणि आजारपणात तर चांगलंच उतरतं. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये संध्याकाळी दिलेल्या रक्ताचा २९० चा रिपोर्ट घेऊन एक गृहस्थ घाबरून आले होते. सकाळी दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ४०० च्या वर.

वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर आणखी एक गोंधळ होतो. हा हार्मोन रक्तात ज्या प्रथिनाला चिकटून फिरतो, तेच प्रथिन अशा माणसांत कमी असतं. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, कामाला येणारं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. त्यांचं वजन उतरलं की आकडाही बराच वर येतो.

कमतरता पक्की झाली तरी इंजेक्शन लगेच नाही. आधी एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचे हार्मोन रक्तात बघायचे, कारण बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या या पिट्युटरी ग्रंथीत, हे त्यातून कळतं. पिट्युटरीची गाठ असू शकते, वयात आल्यावर झालेला गालगुंड वृषणात उतरलेला असू शकतो, जास्त दिवस घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या असू शकतात. आधीच इंजेक्शन घेतलं तर बाहेरच्या हार्मोनमुळे एलएच आपोआप दबतं आणि मूळ कारणाचा मागच पुसला जातो.

थकव्यासाठी म्हणाल, तर ६५ वर्षांवरच्या, खरोखर पातळी कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं गेलं. कामेच्छा सुधारली, थकव्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. थकलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी१२ पाहा. त्याला घोरताना श्वास अडकतो का, हे बायकोला विचारा. त्याचं मन उदास आहे का, हे त्यालाच विचारा.

सगळ्यात जास्त राग मला ‘मूल व्हायला मदत होते’ या वाक्याचा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वी दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन चाचण्या केल्या होत्या, त्या गर्भनिरोधक म्हणून! बाहेरून हार्मोन आला की पिट्युटरी वृषणांना हुकूम पाठवणं बंद करते. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते मग बनतच नाही. शुक्राणू घटतात, अनेकांचे शून्यावर येतात, वृषणं आकसतात. एकोणतीस वर्षांचा एक मुलगा, लग्नाला दोन वर्षं, जिममधल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून सुया घेत होता. सासरी-माहेरी तपासण्या सगळ्या बायकोच्या चालल्या होत्या. त्याचा वीर्याचा रिपोर्ट आला, शुक्राणू शून्य. बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात परत येतात, काहींना दोन वर्षं लागतात, सगळ्यांचे पूर्ववत होतील अशी हमी नाही. मूल हवं असेल तर तज्ज्ञ वेगळी औषधं देतात, टेस्टोस्टेरॉन नाही.

‘नैसर्गिक’ म्हणाल तर इन्सुलिनही नैसर्गिकच. म्हणून कुणी मोजल्याशिवाय टोचून घेतं का? टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं की औषध थांबवायचं असतं. सुरुवातीला, तीन ते सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी ते तपासायचं, पन्नाशीच्या पुढे पीएसए ही प्रोस्टेटची रक्तचाचणीही. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कॅन्सर, गेल्या सहा महिन्यांतला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, उपचार न झालेला झोपेतला श्वासरोध असेल तर सुरूच करायचं नसतं. जेल लावत असाल तर हात धुवा, अंग झाका. तुमच्या त्वचेवरून ते कडेवरच्या पोराच्या अंगात जातं.

राहिला २०२३ चा अभ्यास. तो मोठा आहे, पाच हजारांवर पुरुषांचा, आणि अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण टेस्टोस्टेरॉनच्या आणि औषध नसलेलं जेल दिलेल्या, अशा दोन्ही गटांत जवळजवळ सारखं होतं, ७.० आणि ७.३ टक्के. पण त्यात दोनदा उपाशीपोटी तपासून ३०० च्या खाली असलेले आणि लक्षणं असलेलेच लोक घेतले होते, औषध जेलच्या रूपात होतं आणि रक्त तपासून डोस ठरत होता. तरीही हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा हे प्रकार टेस्टोस्टेरॉनच्या गटात जास्त झाले. पुढे हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. दुकानातून आणलेल्या सुईला हा अभ्यास लावता येत नाही.

ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांच्यापर्यंत मात्र औषध पोचत नाही, हेही तितकंच दुखतं. दर सहाशे पुरुषांमागे साधारण एकाला क्लाइनफेल्टर असतो, म्हणजे जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त. दाढी विरळ, वृषणं लहान, आणि कित्येकांना आयुष्यभर कुणी सांगतच नाही. लाजेपोटी ते भिंतीवरच्या जाहिरातीतल्या नंबरला फोन करतात. त्यांच्यासाठी हे औषध हाडांचं, रक्ताचं, संसाराचं आहे, त्यांनी या लेखाने घाबरू नये.

आणि ज्यांनी सुया सुरू केल्याच आहेत, त्यांनी कुणाला न सांगता एकदम बंदही करू नये. एकदम थांबवलं की काही महिने शरीराचं स्वतःचंही काम ठप्प असतं, मग फार गळून गेल्यासारखं होतं. बाटलीचा फोटो, शेवटच्या सुईची तारीख आणि या आठवड्यात केलेला हिमॅटोक्रिटचा रिपोर्ट घेऊन हार्मोनतज्ज्ञाकडे जा. बायकोलाही सांगा.