दुपारच्या झोपेवरचा तो मेसेज अर्धवट आहे

परभणी-नांदेडकडच्या ग्रुपवर "आयुर्वेदात दुपारची झोप पूर्ण वर्ज्य" असा मेसेज फिरतोय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २१ वा अध्याय काढून बघा. इतर ऋतूंत दिवसा झोपल्यानं कफ-पित्त वाढतं, हे त्यात आहेच. पण उन्हाळ्यात रात्री लहान असतात, अंग रुक्ष पडतं, म्हणून दिवसा झोपायला मुभा दिलीय. म्हातारी माणसं, लेकरं, ओझं वाहून दमलेले यांना तर बारा महिने. लठ्ठ माणसांनी मात्र टाळावं, हेही तिथंच आहे. मे महिन्यात पहाटेपासून रानात राबलेला माणूस भाकर खाऊन, तोंडावर रुमाल ओढून लिंबाखाली आडवा झाला, तर त्याला हा मेसेज दाखवून उठवू नका. पुढं तर पाठवूच नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.