जुन्या इंग्रजी शेतघराच्या भिंतीत सिमेंट भरू नका: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शेतघरांची पाच गुपितं’ या नावाचा एक मराठी फॉरवर्ड सध्या इंग्लंडमधल्या आपल्या लोकांच्या गटांत फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बुजवलेल्या खिडक्या म्हणजे राणीने लादलेला कर. छताच्या तुळया मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या. उत्तरेकडची दुधाची खोली भारतातून उचललेल्या वास्तुशास्त्राप्रमाणे. घर श्रीमंत शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने बांधलेलं. आणि पाचवं ‘गुपित’ म्हणजे सल्लाच: त्या काळी सिमेंट नव्हतं म्हणून चुना वापरला, म्हणून भिंतींना ओल येते, तेव्हा दरजांतला चुना काढून सिमेंट भरा, बाहेरून वॉटरप्रूफ रंग द्या आणि जोत्याजवळ केमिकलचं इंजेक्शन मारून घ्या.

पहिली चार विधानं वाचून सोडून दिली असती. पण उत्तर श्रॉपशरमध्ये, व्हिटचर्चच्या बाजूला, साधारण १८६० सालचं विटांचं शेतघर घेतलेल्या आमच्या नात्यातल्या जोडप्याने हा मजकूर वाचून ठेकेदाराकडे सिमेंटच्या कामाचं कोटेशन मागितलं. त्यामुळे पाचव्यापासूनच सुरुवात करतो.

‘सिमेंट नव्हतं’ हे चूक आहे. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं. १८५९ पासून लंडनची जी प्रचंड गटारं बांधली गेली, त्यांत हे सिमेंट भरपूर वापरलं. अर्धं खरं इतकंच, की खेड्यापाड्यात ते महाग पडे आणि चुना जवळ मिळे. श्रॉपशर-वेल्सच्या सीमेवर लॅनिमिनेखला तर चुनखडीच्या खाणी आणि भट्ट्याच होत्या. पण स्वस्तात मिळाला म्हणून तो कमअस्सल ठरत नाही. त्या भिंतीचं सगळं काम चुन्यावर चालतं.

ही भिंत भरीव असते, बहुधा नऊ इंची, म्हणजे एका विटेच्या लांबीएवढी जाड. आजच्या घरांसारखी मधे पोकळी नसते. पावसात विटेचा बाहेरचा भाग भिजतो, वारा लागला की सुकतो. चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असल्याने ओलावा मुख्यतः दरजेतून बाहेर पडतो. क्षारही तिथेच साचतात, गोठण्याचा मारही तिथेच बसतो. दरज झिजते, वीट शाबूत राहते. दोन-तीन पिढ्यांनी दरज पुन्हा भरायची, एवढीच तिची देखभाल.

सिमेंट भरलं की हे उलटतं. सिमेंट कडक, भिंत तापते-निवते तशी हलते आणि सिमेंट-विटेच्या मधे केसाएवढी फट पडते. पाणी त्या फटीतून आत जातं, पण दरजेतून बाहेर येऊ शकत नाही. मग ते विटेच्या तोंडातूनच निघू पाहतं. हिवाळ्यात ते विटेत गोठतं, फुगतं आणि विटेचा भाजलेला कडक पापुद्रा उडवून देतं. आतली वीट मऊ असते, ती भराभर झिजू लागते. असं काम झालेल्या घराजवळ जाऊन बघा: सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधल्या विटा आत खचलेल्या दिसतील, खाली जमिनीवर तांबडा भुगा पडलेला. अशा विटा एकेक कापून बदलाव्या लागतात. वर वॉटरप्रूफ रंग दिलात तर उरलेली वाटही बंद. मग ओल आतल्या गिलाव्यात आणि भिंतीत घुसलेल्या तुळयांच्या टोकांत शिरते, आणि तुळई कुजायला लागली तरी बाहेरून काही कळत नाही.

हे माझं एकट्याचं मत नाही. हिस्टॉरिक इंग्लंड ही तिथली वारसा-इमारतींची सरकारी संस्था. दगड-विटांच्या भिंतींच्या दरजा भरण्याबद्दल तिने २०१७ साली मार्गदर्शिका काढली. दरजेचा माल विटेपेक्षा कमी कडक आणि जास्त सच्छिद्र असला पाहिजे, आणि सिमेंटच्या दरजांनी जुन्या भिंतींची मोठी हानी केली आहे, हेच तिचं सांगणं आहे. ठेकेदार वाद घालू लागला तर तीच पुढे करा.

आता इंजेक्शन. १८६० च्या घराला डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये म्हणून जोत्याशी भिंतीत घालतात तो आडवा थर, नसेल, हे मान्य. तो १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतरच्या, १८७७ च्या नमुना नियमांमुळे रुळला, आणि खेड्यांत ते नियम आणखी उशिरा पोचले. पण डीपीसी नाही म्हणून ओल जमिनीतूनच वर चढते आहे, असं ठरत नाही. भिंतीला टेकवून पीं-पीं वाजवतात तो मीटर लाकडासाठी बनवलेला आहे. भिंतीत क्षार असले तरी त्याचा आकडा वर जातो. त्या आकड्यावर विसंबून भिंतीला ओळीने भोकं पाडून घेऊ नका.

आधी बाहेर जा आणि मातीची पातळी बघा. दीडशे वर्षांत वाफे, खडी, फरशी, काँक्रीटची वाट असं एकावर एक चढत गेलेलं असतं, आणि बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते. ती आतल्या जमिनीच्या निदान १५० मिलिमीटर खाली हवी. नुसती एवढी माती काढून कित्येक भिंती सुकतात. मात्र मोठी उंची कमी करायची असेल तर आधी पाया किती खोल आहे ते खड्डा घेऊन तपासा. मग धो-धो पावसात छत्री घेऊन पन्हळी बघा. बिडाचा उभा पाइप भिंतीकडच्या बाजूने गंजतो. पुढून रंग चकचकीत आणि मागे चीर, त्यामुळे भिंतीवर वरपासून खालपर्यंत उभा हिरवा पट्टा उमटतो. वापरात नसलेलं धुराडं वर-खाली ठार बुजवलं असेल तर आत पाणी साचून काजळीचे पिवळे-तपकिरी डाग भिंतीवर येतात. वर टोपी आणि खाली हवेची जाळी, दोन्ही हवं. लाकडी जमिनीखालच्या हवेच्या, म्हणजे भोकांच्या, विटा मोकळ्या आहेत ना ते बघा. त्या बुजल्या आणि लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशी ठरलेली. स्वयंपाकघरातल्या जुन्या फरश्या काढून खाली प्लास्टिक घालून काँक्रीट ओतलं असेल, तर जमिनीतली ओल आता कडेच्या भिंतींत जाते आहे.

एवढं करून दरजा खरंच झिजलेल्या असतील तर चुन्यानेच भरा. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल, हातोडी-छिन्नीने मोकळं करा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. धूळ झाडून भिंत नीट भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि चुना भुकटी होऊन गळतो. या कामातली सगळ्यात नेहमीची चूक हीच. नॅचरल हायड्रॉलिक लाइम (पाण्याने आवळणारा चुना; २ आणि ३.५ या त्याच्या ताकदीच्या प्रती) २ किंवा ३.५ प्रतीचा एक भाग, चाळलेली जाड-बारीक मिसळ वाळू अडीच ते तीन भाग. पाणी कमी घालून माल घट्टच ठेवा आणि ठासून भरा. तो बोटाने दबणार नाही इतका आवळला की ताठ ब्रशने ठोका, म्हणजे वरचा गुळगुळीत थर मोडून दरज श्वास घेईल. मग ओलं गोणपाट लावून काही दिवस दमट ठेवा. पाच अंशांच्या खाली काम करू नका. ऑक्टोबरनंतर सुरू केलेलं काम पहिल्याच थंडीत उचकटतं. चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच. आणि ठेकेदार ‘आम्ही चुना घालतोच’ म्हणाला तर प्रमाण विचारा. एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असं सांगितलं तर ते सिमेंटचंच काम आहे.

बाकीच्या चार गुपितांना एवढी जागा लागत नाही.

खिडक्यांवरचा कर १६९६ साली तिसऱ्या विल्यमच्या काळात आला आणि १८५१ साली गेला. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ ला. म्हणजे तो तिने लादला नाही, तो तिच्या काळात उठला. १८२५ पासून आठपेक्षा कमी खिडक्यांच्या घरांना माफीही होती, आणि दारावर ‘डेअरी’ किंवा ‘चीज रूम’ असं रंगवलं तर त्या खोल्यांना सूट. १८६० च्या घरातली आंधळी खिडकी करामुळे असणं शक्यच नाही. कोनाड्याच्या विटा बाजूच्या भिंतीत दाते घालून गुंफलेल्या असतील, तर तो पहिल्यापासून तसाच बांधलेला आहे, दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून, किंवा मागून धुराड्याचा मार्ग जातो म्हणून. दोन्ही कडांना सरळ उभा सांधा असेल तरच तो नंतर बुजवलेला. त्याहून जुन्या घरांत करापायी बुजवलेल्या खिडक्या सापडतात, हे कबूल.

नौकांच्या तुळयांचा पुरावा म्हणून त्यांतल्या रिकाम्या खाचा दाखवल्या जातात. त्या खाचा जवळपास नेहमी आधीच्या लाकडी सांगाड्याच्या घरातल्या किंवा कोठारातल्या असतात. चांगलं ओक कुणी फेकत नसे. गोदीच्या गावांजवळ जहाजाचं लाकूड वापरल्याची खरी उदाहरणं आहेत, पण श्रॉपशर समुद्रापासून लांब आहे. तिथे व्हिक्टोरियन छतात मुख्यतः बाल्टिककडून आलेलं पाइनच्या जातीचं लाकूड मिळेल.

उत्तरेकडची दुधाची खोली: इंग्लंडमध्ये सूर्य वर्षभर दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही. साय धरायला दूध दहा ते तेरा अंशांत राहावं लागे आणि बर्फाची सोय नव्हती. वास्तुशास्त्राचा इथे काही संबंध नाही.

आणि मालक. बहुतेक शेतकरी कुळं होती; घर जमीनदाराच्या इस्टेटीने बांधलेलं. १८४६ ला धान्यावरचे संरक्षक कायदे उठल्यावर चांगलं कूळ टिकवण्यासाठी जमीनदारांनी बांधकामांत पैसा घातला, आणि १८७० च्या दशकाअखेरच्या मंदीत तो आटला.

सिमेंट आधीच भरलेलं असेल तर घाईने उपटूही नका. जिथे ते पोकळ वाजतं, सुटलं आहे किंवा विटा झडू लागल्या आहेत तेवढंच काढा. जिथे विटेला घट्ट चिकटलं आहे तिथे काढताना विटेची कडाच त्याच्याबरोबर निघते. ते सैल होईपर्यंत राहू द्या आणि दरवर्षी थंडी संपल्यावर तेवढा भाग ठोकून बघा.