वीस ग्रॅम शेव खाऊन थांबणारा माणूस

पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा जो तक्ता छापलेला असतो, त्यात एका आकड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि टक्केवारीचा सगळा रकाना मात्र त्याच आकड्यावर उभा असतो. तो आकडा म्हणजे सर्व्हिंग साइझ, अर्थात एका माणसाने एका वेळी खाण्याचे प्रमाण. शेव-फरसाणाच्या पाकिटावर ते अनेकदा वीस किंवा तीस ग्रॅम असते, बिस्किटांच्या पुड्यावर दोन-तीन बिस्किटे, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर तीस ग्रॅम. हे प्रमाण ठरवले कोणी, असे विचारले तर उत्तर सरळ आहे: ज्याला तो पदार्थ खपवायचा आहे, त्यानेच.

नियम काय सांगतो ते आधी पाहू. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, लेबलविषयक 2020 च्या विनियमांनुसार उत्पादकाला ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, मेद, संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट), सोडियम इत्यादींचे प्रमाण दर 100 ग्रॅममागे किंवा 100 मिलिलिटरमागे, अथवा पाकीट एकाच वेळी संपवायचे असेल तर त्या पाकिटामागे, द्यावे लागते. त्याखेरीज एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या प्रमाणाचा किती टक्के वाटा पोटात जातो, हेही छापावे लागते. दिवसाचे प्रमाण सरासरी प्रौढ माणसाचे धरले आहे: 2000 किलोकॅलरी, 67 ग्रॅम मेद, 22 ग्रॅम संपृक्त मेद, 50 ग्रॅम वरून घातलेली साखर आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ. इथवर तक्रार करण्यासारखे काही नाही. गोम अशी आहे की या भागाकारातला खालचा आकडा सरकारने बांधून दिला आणि वरचा कंपनीच्या हाती ठेवला. टक्केवारी खाली आणण्यासाठी पदार्थातले मीठ किंवा तेल चिमूटभरही कमी करावे लागत नाही. सर्व्हिंग लहान केले की काम भागते.

हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या फरसाणात दर 100 ग्रॅममागे 900 मिलिग्रॅम सोडियम आहे. सर्व्हिंग वीस ग्रॅमचे धरले तर त्यात 180 मिलिग्रॅम येते आणि तक्त्यात 9 टक्के हा निरुपद्रवी आकडा छापला जातो. चहाबरोबर गप्पा मारताना साठ ग्रॅम फरसाण सहज संपते, तेव्हा तोच आकडा 27 टक्क्यांवर जातो. दीडशे ग्रॅमचे पाकीट दोघांनी मिळून क्रिकेटचा सामना बघत संपवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 34 टक्के, म्हणजे दिवसभराच्या मिठाचा तिसरा हिस्सा, आणि तोही जेवणातली आमटी, भाजी, लोणचे, पापड यांचा विचार न करता. छापलेला नऊचा आकडा खोटा नाही. तो खरा ठरेल असा माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे.

वीस ग्रॅम म्हणजे किती, हे वजनकाट्यावर पाहण्याजोगे आहे. बारीक शेव असेल तर पोहे खायच्या चमच्याने साधारण चार चमचे होतात. बशीच्या मधोमध त्याचा लहानसा ढीग दिसतो आणि भोवतीची बशी रिकामी राहते. पाहुण्यापुढे एवढी शेव ठेवण्याची हिंमत कोणत्याही घरात कोणी करणार नाही. मिसळीवर याहून अधिक फरसाण तर नुसते वरून भुरभुरले जाते. आता तेच पाकीट उलटे करून दर्शनी बाजूचे छायाचित्र पाहा. तिथे वाडगा काठोकाठ भरलेला असतो, शेव वाडग्याबाहेर ओसंडत असते, शेजारी वाफाळता चहा असतो आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते की हे चित्र केवळ सजावटीच्या सूचनेसाठी आहे. एकाच पाकिटाच्या एका बाजूला भूक चाळवणारा वाडगा आणि दुसऱ्या बाजूला चार चमच्यांचा संयम! जाहिरात विभाग आणि लेबल विभाग यांची एकमेकांशी ओळख नसावी, इतका हा फरक असतो.

दहा रुपयांच्या पाकिटांचा प्रकार मला याहून अधिक खटकतो. वेफर्स, कुरकुरीत नळ्या, मसाला शेंगदाणे अशा पदार्थांची पाच, दहा आणि वीस रुपयांची पाकिटे हीच आपल्याकडची खरी सर्व्हिंग आहे. किंमत ठरलेली असते, महागाई वाढली की वजन घटते, आणि शाळेबाहेरच्या टपरीवरून घेतलेले पाकीट मूल घरी पोहोचेपर्यंत रिकामे झालेले असते. त्या पाकिटाला रबरबँड लावून उरलेले उद्यासाठी डब्यात ठेवणारे मूल कोणी पाहिले आहे का? तरीही पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर 'सर्व्हिंग 20 ग्रॅम, या पाकिटात सुमारे अडीच सर्व्हिंग' असे छापायला नियमाची आडकाठी नाही. अर्ध्या सर्व्हिंगचे काय करायचे, हे अर्थातच कुठे लिहिलेले नसते.

शीतपेयांमध्ये गणित आणखी ठळक होते, कारण बाटली उघडली की ती संपवण्याकडेच कल असतो. नेहमीच्या गोड कोलामध्ये दर 100 मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. सर्व्हिंग 200 मिलिलिटरचे दाखवले तर दिवसाच्या मर्यादेचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा आकडा येतो. सहाशे मिलिलिटरची बाटली प्रवासात एकट्याने प्यायली, तर साठ ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाते आणि पन्नासची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. शिवाय ही पन्नास ग्रॅमची मर्यादा म्हणजे वरची रेघ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार अशा साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि ती पाच टक्क्यांपर्यंत खाली आली तर अधिक चांगले. 2000 किलोकॅलरीचे दहा टक्के म्हणजेच हे पन्नास ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेची शरीराला मुळात गरज नाही. मग 'दिवसाच्या गरजेचा अमुक टक्के भाग' असे म्हणत साखर आणि ऊर्जा एकाच रकान्यात बसवली की साखरसुद्धा रोज भरून काढायची एखादी उणीव वाटू लागते.

लहान मुलांच्या बाबतीत तर पायाच चुकतो. टक्केवारी प्रौढांच्या 2000 किलोकॅलरीवर काढलेली असते, आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तक्त्यानुसार 1700 किलोकॅलरीच्या आसपास असते. एप्रिल 2023 मध्ये दुधात घालायच्या बोर्नव्हिटा पावडरीतील साखरेवरून, समाजमाध्यमांवर खाद्यपदार्थांच्या लेबलांची चिकित्सा करणारे रेवंत हिमतसिंगका यांची चित्रफीत गाजली, कंपनीने त्यांना कायदेशीर नोटीस पाठवली आणि त्यांना ती चित्रफीत काढून टाकावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. त्या वेळी कंपनीने केलेला खुलासा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वीस ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये वरून घातलेली साखर 7.5 ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चमचा असते आणि मुलांसाठीच्या दैनंदिन मर्यादेपेक्षा ती पुष्कळ कमी आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. आकडा बरोबर आहे. प्रश्न आहे तो दुधाच्या पेल्यात पावडर पडते कशी याचा. डब्यातला चमचा शिगोशीग भरला जातो, मूल 'अजून एक' म्हणते, वरून आजी वेगळी साखर घालते, आणि हे सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा होते. पुढे कंपनीने साखरेचे प्रमाण कमी केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बचावासाठी आधार घेतला गेला तो सर्व्हिंगचाच, आणि त्यात बेकायदा काही नव्हते, ही खरी अडचण आहे.

अशा पावडरींच्या आणि न्याहारीच्या तृणधान्यांच्या डब्यांवर आणखी एक युक्ती असते, तिचा जाता जाता उल्लेख करतो. 'दुधासह' असा एक वेगळा रकाना दिलेला असतो आणि त्यातली प्रथिने व कॅल्शियम बघून आई-वडील समाधानी होतात. त्यातला मोठा वाटा गवळ्याकडून आलेल्या दुधाचा असतो. डब्याने त्याचे श्रेय घ्यावे, हे जरा अतीच झाले.

आता मुख्य मुद्दा. जुलै 2024 मध्ये प्राधिकरणाने एका प्रस्तावाला मंजुरी दिली. एकूण साखर, संपृक्त मेद आणि सोडियम यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापली जावी, असा तो प्रस्ताव होता. वर्तमानपत्रांतून त्याचे स्वागतही झाले. पण त्यात ठळक व्हायचे काय आहे, ते नीट वाचा: दर सर्व्हिंगमागे दिवसाच्या प्रमाणाची टक्केवारी. म्हणजे तक्त्यातल्या सगळ्यांत लवचिक आकड्यालाच जाड ठसा मिळणार. सर्व्हिंगचे प्रमाण आधी बांधून न देता असे केले, तर आज बारीक अक्षरांत असलेला तो नऊचा आकडा उद्या मोठ्या अक्षरांत दिसेल आणि चष्मा न लावताही ग्राहकाची समजूत पटेल. ज्यांना खरोखर माहिती हवी असते, ते आज निदान 100 ग्रॅमच्या रकान्याकडे वळतात. ठळक टक्केवारी त्यांचीही नजर तिथून हटवेल.

अमेरिकेने हा घोळ आपल्या आधी घातला आहे. तिथे पोषण तक्ता सक्तीचा करणारा कायदा 1990 चा. त्याच्याखाली पदार्थांच्या प्रत्येक गटासाठी 'लोक एरवी जेवढे खातात' त्यावर आधारित संदर्भ प्रमाणे सरकारनेच ठरवून दिली. लोकांनी किती खावे हा त्यात निकष नाही, लोक किती खातात हा आहे, आणि माझ्या मते तो अगदी योग्य आहे. तरी पळवाटा राहिल्याच. नूडल्सच्या एका वडीची दोन सर्व्हिंग धरली जात, जणू कोणी अर्धी वडी मोडून शिजवणार होते. टिक टॅक या तोंडात चघळायच्या गोड गोळ्यांपैकी एका गोळीचे वजन 0.49 ग्रॅम आणि सर्व्हिंग एक गोळी. अर्ध्या ग्रॅमच्या आतली साखर शून्य लिहिता येते, म्हणून जवळजवळ निव्वळ साखरेची ती गोळी तक्त्यात साखरमुक्त दिसते. 2016 मध्ये अमेरिकेने ही प्रमाणे सुधारली. आइस्क्रीमचे सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप झाले, शीतपेयांचे आठ औंसांवरून बारा औंस (एक औंस म्हणजे सुमारे तीस मिलिलिटर). त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की संदर्भ प्रमाणाच्या दुपटीपर्यंतचे पाकीट हे एकच सर्व्हिंग मानायचे, आणि दुप्पट ते तिप्पट आकाराच्या पाकिटावर दोन रकाने छापायचे, एक सर्व्हिंगचा आणि दुसरा पूर्ण पाकिटाचा. वीस औंसांची कोलाची बाटली 'अडीच माणसांची' असण्याचे दिवस तिथे संपले.

सर्व्हिंग ही कल्पनाच टाकून द्या आणि सगळे 100 ग्रॅमवर मोजा, असे काही जण म्हणतात. तुलनेसाठी आणि इशाऱ्यासाठी ते योग्यच आहे. चिलीने 2016 पासून पाकिटांवर जे काळे अष्टकोन आणले, ते 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरच्या हिशेबावर चालतात: अंतिम टप्प्यात घन पदार्थात साखर 10 ग्रॅमहून किंवा सोडियम 400 मिलिग्रॅमहून जास्त गेले की शिक्का बसतो, मग सर्व्हिंग कितीही लहान दाखवा. आपल्याकडेही 'ट्रान्स फॅट फ्री', म्हणजे हृदयाला घातक अशा ट्रान्स मेदापासून मुक्त, असा दावा करायचा तर निकष 100 ग्रॅममागे 0.2 ग्रॅमहून कमी असाच आहे, म्हणजे योग्य मोजमाप प्राधिकरणाला ठाऊक नाही असे मुळीच नाही. पण लोणच्याचे काय? शंभर ग्रॅम लोणचे कोणी खात नाही, आणि त्यातल्या सोडियमचा शंभर ग्रॅममागचा आकडा पाहून घाबरणेही व्यर्थ आहे. तिथे एका फोडीचा हिशेबच कामाचा. म्हणून सर्व्हिंग राहावे, फक्त ते विकणाऱ्याने ठरवू नये.

उद्योगाकडून हमखास येणारा युक्तिवाद असा की लहान सर्व्हिंग छापून आम्ही लोकांना संयमच शिकवतो आहोत. कोणाला संयम शिकवायचाच असेल, तर वीस ग्रॅमचे पाकीट काढून दाखवावे आणि दर्शनी बाजूवर चार चमच्यांची बशी छापावी. 'शेअरिंग पॅक' म्हणून दोनशे ग्रॅम हाती द्यायचे आणि वर मोजून खाण्याचा उपदेश करायचा, याला मी संयमाचे शिक्षण म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या राज्यापुरती. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी छापले तर हरकत नाही, पण सक्ती नाही. प्रत्यक्षात बहुतेक तक्ते इंग्रजीत असतात. म्हणजे गावातल्या किराणा दुकानात नातवासाठी पुडा घेणाऱ्या आजीला इंग्रजी वाचता आले पाहिजे, ग्रॅम कळले पाहिजेत, मग सर्व्हिंगने गुणायचे आणि पुन्हा प्रौढाच्या गरजेवरून मुलाच्या गरजेवर यायचे. पुड्याची किंमत पाच रुपये.

मागणी फार मोठी नाही. प्राधिकरणाने फरसाण, वेफर्स, बिस्किटे, नूडल्स, शीतपेये, दुधात घालायच्या पावडरी अशा गटांसाठी, आपल्याकडची माणसे प्रत्यक्षात किती खातात हे मोजून, सर्व्हिंगची प्रमाणे अधिसूचनेने बांधून द्यावीत. ठळक अक्षरांचा नियम त्यानंतर लागू करावा, आधी नव्हे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर टक्केवारी मुलांच्या गरजेवर काढावी. आणि वीस रुपयांपर्यंतच्या प्रत्येक पाकिटावर, सर्व्हिंग काहीही असो, संपूर्ण पाकिटातली साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांचा प्रत्येकी एकच आकडा दर्शनी बाजूला, किमतीच्याच आकाराच्या अक्षरांत छापावा.