हिंदीच्या साच्यावर मराठी स्मरणिका लावू नका

गणपती-दिवाळीच्या आधी इंदुरातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं लावायला, जातात आणि प्रूफ आलं की तीच तक्रार: शब्दांमध्ये एवढी भगदाडं का? ऑपरेटर फॉन्टला दोष देतो. फॉन्ट बिचारा बहुतेक वेळा ठीक असतो. फाइल हिंदी कामाच्या जुन्या साच्यावर लावलेली असते, दुखणं तिथे आहे.

हिंदीत 'इंदौर के लोगों ने भी' हे पाच शब्द. मराठीत 'इंदूरकरांनीसुद्धा' हा एकच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ओळीत फटी कमी, आणि जस्टिफाय करताना, म्हणजे ओळीच्या दोन्ही कडा सरळ करताना, उरलेली सगळी जागा त्या तीन-चार फटींतच कोंबली जाते. ए-फोर पानावर दोन्हीकडे १५ मिमी समास आणि मध्ये ५ मिमी सोडून तीन कॉलम केले, तर एक कॉलम जेमतेम ५६ मिमीचा होतो. १२ पॉइंटात हिंदी तिथे निभावते, मराठीची ओढाताण होते. दोन कॉलम करा, ८७ मिमी मिळतात. बरीच भगदाडं तिथेच बुजतात.

बाकीचं इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर (ओळी जुळवणारी व्यवस्था) निवडा. साधा कंपोझर राहिला तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा, कारण हायफनेशन, म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द तोडणं, त्या भाषेच्या नियमांनी चालतं. जस्टिफिकेशनमध्ये वर्ड स्पेसिंग (शब्दांमधली जागा; किमान-हवी-कमाल, टक्क्यांत) मूळचं ८०-१००-१३३ चालेल, ग्लिफ स्केलिंग (अक्षरांची रुंदी) ९८-१००-१०२ ठेवा. लेटर स्पेसिंगचे (अक्षरांमधल्या जागेचे) तिन्ही खाने मात्र शून्यच. रोमन अक्षरं जराशी सैल केली तर डोळ्याला कळत नाही. देवनागरीत शिरोरेषा तुटते. ट्रॅकिंग, म्हणजे निवडलेल्या मजकुरातलं अक्षरांमधलं अंतर, वाढवून ओळ भरतात तेही याच कारणानं बंद व्हायला हवं. वाचणाऱ्याला प्रत्येक शब्द तुकड्यातुकड्यांत दिसतो.

एखादीच ओळ विचित्र ताणली असेल तर कंट्रोल-ऑल्ट-आय दाबून लपलेल्या खुणा पाहा. वर्डमधून आलेल्या मजकुरात कधी कधी ओळीच्या शेवटी शिफ्ट-एंटर (इनडिझाइनच्या भाषेत फोर्स्ड लाइन ब्रेक) असतो आणि तीच ओळ दोन्ही कडांना खेचली जाते. फाइंड-चेंजमध्ये फोर्स्ड लाइन ब्रेकच्या जागी एक स्पेस द्या, मग 'मल्टिपल स्पेस टू सिंगल स्पेस' ही तयार क्वेरी चालवा. हे सगळं लेख निवडून, त्या लेखापुरतंच करा. स्मरणिकेत कविता असतातच, त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या तर कवीला काय उत्तर देणार?

लेडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, ऑटो ठेवलं की १२ पॉइंटला १४.४ मिळतं. इंग्रजीला पुरतं, पण आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. १७ द्या. मधलीच एक ओळ खाली सरकली असेल तर त्या ओळीत मोठ्या आकाराची एक नुसती स्पेस शोधा: इनडिझाइनमध्ये लेडिंग अक्षराला लागतं आणि ओळीतलं सर्वांत मोठं लेडिंग जिंकतं. टाइप प्रेफरन्सेसमध्ये 'अप्लाय लेडिंग टू एंटायर पॅराग्राफ' चालू करून परिच्छेदाला लेडिंग पुन्हा द्या. सगळ्याच ओळी लांब लांब गेल्या असतील तर बेसलाइन ग्रिड, म्हणजे ओळी ज्यांवर बसवलेल्या असतात त्या समान अंतरावरच्या रेषा, बघा. ग्रिड १२ आणि लेडिंग १७ असेल तर प्रत्येक ओळ २४ वर उडी मारते. ग्रिडही १७ करा.

आता अक्षरं. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, आणि यावर तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे. 'तिरो देवनागरी' या फॉन्टची मराठी आवृत्ती हिंदीपासून वेगळी आहे आणि फुकट मिळते. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर प्रूफवर आधी 'ऱ्य' तपासा. 'करणाऱ्या'चं 'करणार्या' झालेलं सापडेल. दुरुस्त करताना 'चेंज ऑल' दाबू नका, एकेक पाहून बदला. 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' यांतला रफार बरोबरच असतो.