पाचगणीच्या ग्राहकांच्या एक तारा अभिप्रायाला आमचे उत्तर: टाकी बसवूनही वीजबिल का वाढले

सप्रेम नमस्कार.

आपण जानेवारीत आमच्या कामाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि उत्तर देण्यापूर्वी आपल्या बंगल्यावर जाऊन टाकीजवळ अर्धा दिवस बसलो, म्हणून या उत्तराला उशीर झाला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत: गरम पाण्याची ३०० लिटरची टाकी आणि आई-वडिलांच्या खोलीत ऊब देणारा, त्याच गरम पाण्यावर चालणारा रेडिएटर बसवल्यावर बिल कमी होण्याऐवजी वाढले, टायमर बदलल्यापासून रेडिएटर रात्री दोनला गार पडतो आणि पहाटे साडेपाचला आईंच्या स्नानाला कोमट पाणी मिळते, इंग्लंडमधील आपले बंधू रात्रीची स्वस्त वीज वापरून घर ऊबदार ठेवतात, तर आम्ही आपल्याला दिवसाची वीज वापरायला सांगतो, म्हणजे ही फसवणूक आहे, आणि नऊ दिवस आमच्याकडून कोणी फोन उचलला नाही. यातील शेवटची तक्रार पूर्णपणे खरी आहे. तिच्यावर स्पष्टीकरण नाही, मी क्षमा मागतो.

फसवणूक हा शब्द मात्र मी मान्य करू शकत नाही. चूक झाली आहे, एक नव्हे, तीन चुका झाल्या आहेत, आणि त्या इथे उघडपणे लिहिणेच योग्य ठरेल, कारण हे उत्तर वाचून दुसरे कोणी आमच्याकडे हीच मागणी घेऊन येण्याची शक्यता आहे.

पहिली चूक टायमरची. आमचे बहुतेक काम महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांमध्ये चालते, आणि त्यातील मोठ्या ग्राहकांना पूर्वीच्या दरपत्रकात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे १.५० रुपये सवलत मिळत असे. त्या सवयीने आमच्या मुलाने नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडेही टायमर रात्री दहावर लावला. आपले मीटर घरगुती आहे आणि घरगुती ग्राहकाला रात्रीच्या विजेत एक पैशाचीही सवलत नाही. महावितरणच्या स्मार्ट टीओडी मीटरवर (जो वीज कोणत्या वेळी वापरली हेही नोंदवतो) घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून जी सवलत सुरू झाली, ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर, युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया, अशी आहे. म्हणजे पहिले सहा आठवडे टाकी सवलत नसलेल्या वेळेत तापत होती. पाणी पहाटे गरम मिळत होते म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि बिल आल्यावर आपण विचारले तेव्हा कुठे आम्ही टायमर दिवसावर आणला.

आपल्या बंधूंचे म्हणणे त्यांच्या देशापुरते बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली इकॉनॉमी ७ नावाचा दर सुरू झाला, ज्यात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत आणि लोक झोपलेले असतात, म्हणून ती वीज खपवण्यासाठी घरोघरी जड विटा भरलेले हीटर आले. त्या विटा रात्रभर तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. आपल्याकडे आता उलटे झाले आहे. दुपारी सौर वीज भरपूर येते, सूर्य मावळला की ती संपते, आणि नेमकी त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. आपल्याच जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावरचे १९६० मेगावॅट मुख्यतः अशा वाढत्या मागणीच्या वेळांसाठी राखून वापरले जातात. धरणात पाणी अडवून ठेवायचे आणि गरजेच्या वेळी सोडायचे, हेच काम आपली टाकी उष्णतेच्या बाबतीत करते. फरक एवढाच, की इथे टाकी दुपारी भरून पहाटेपर्यंत जपावी लागते.

आणि दुसरी, मोठी चूक याच जपण्याच्या हिशेबात झाली. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, आणि हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. पाचगणीचे थंडीतले नळाचे पाणी १८ अंशांचे धरले, तर ३०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण साडेचौदा युनिट लागतात. टाकीतली पाणी तापवणारी ३ किलोवॅटची कॉइल ते काम पाच तासांत करते. चार माणसांच्या स्नानाला, माणशी दोन बादल्या आणि ४२ अंशांचे पाणी धरल्यास, यातले साडेचार युनिट पुरतात. म्हणजे आमच्या कोटेशनवर लिहिलेली टाकी स्नानासाठी ऐसपैस होती. पुढे आपण आई-वडिलांच्या खोलीसाठी रेडिएटर मागितला आणि आमच्या माणसाने हिशेब न करता तो त्याच टाकीला जोडून दिला. जुन्या बंगल्यातील उंच छताच्या, फटी असलेल्या खिडक्यांच्या खोलीला हिवाळ्याच्या रात्री सुमारे एक किलोवॅट उष्णता सतत लागते. टाकी ६० वरून ४० अंशांवर येईपर्यंत तिच्यातून जेमतेम सात युनिट उष्णता निघते. सायंकाळी सातला रेडिएटर सुरू केल्यावर सात तास होतात तेव्हा घड्याळात बरोबर दोन वाजलेले असतात! आपण लिहिलेली वेळ इतकी अचूक आहे, की खरे तर ती मला आधीच कळायला हवी होती. रात्री टाकी तापत असताना ही उणीव झाकली गेली. टायमर दिवसावर गेला आणि ती उघडी पडली.

त्यात आणखी एक भर होती, ती मी स्वतः पाहिली. टाकीत गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे थर राहतात, आणि ते थर टिकले तर निम्मी टाकी वापरूनही वरचे पाणी कडकडीत मिळते. रेडिएटरची रिटर्न लाइन आम्ही टाकीच्या वरच्या भागात जोडल्यामुळे परत येणारे कोमट पाणी त्या थरात मिसळत होते. ती जोडणी खालच्या बाजूला हवी होती. ही आमची तिसरी चूक. टाकीचे इन्सुलेशन मात्र दोषी नाही: रेडिएटर बंद ठेवून, कोणीही पाणी न वापरता, चौदा तासांत पाणी ६० अंशांवरून ५६ वर आले, तेही गच्चीवरच्या वाऱ्यात.

आता बिलाचे. आपल्या बिलाचे आकडे मी इथे देणार नाही, ते आपले आहेत; पण हिशेबाची रीत सांगतो. स्नानाचे साडेचार युनिट पूर्वीही गीझरवर जळतच होते. रेडिएटरचे सात युनिट नवे आहेत, आणि टाकीतून निसटणारे दीड-दोन युनिटही नवे. दिवसाला नऊच्या आसपास, महिन्याला सुमारे २७० युनिट वाढल्यावर घरगुती बिलाच्या १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांपैकी वरचा टप्पा लागतो, आणि तिथे युनिटचा दर लक्षात येईल इतका चढतो. याविरुद्ध स्नानाचे धरून महिन्याचे सगळे सुमारे ४०० युनिट सवलतीच्या वेळेत वापरले तरी ८० पैशांनी महिन्याला ३२० रुपये सुटतात. वेळ बदलून होणारी बचत ही एवढीच आहे. तिच्या भरवशावर आमच्या विक्रेत्याने "बिल निम्मे होईल" असे म्हणायला नको होते. आपण रेडिएटर घेणार हे माहीत असताना तर मुळीच नको होते. हे वाक्य आम्ही आमच्या माहितीपत्रकातून काढून टाकले आहे.

बिल खरोखर उतरवायचे, तर युनिट कमी करावे लागतील, आणि त्याला साध्या कॉइलऐवजी हीट पंप लागतो, जो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि तीन युनिट उष्णतेमागे साधारण एक युनिट वीज घेतो. हवा जितकी उबदार तितके त्याचे काम सोपे. म्हणून पाचगणीत तो दुपारी चालवावा, पहाटे नव्हे, आणि योगायोगाने सवलतीची वेळही दुपारचीच आहे. पण तो महाग आहे, आणि आमच्या चुकांवर उपाय म्हणून आपल्याला आणखी एक वस्तू विकणे मला शोभणार नाही. आपल्याला हवा असल्यास नंतर कधी बोलू. त्याआधी त्या खोलीच्या खिडक्यांना रबरी पट्टी, जाड पडदा आणि छताखाली फॉल्स सीलिंग हे करून पाहावे, हा माझा प्रामाणिक सल्ला. वेण्णा लेकच्या काठावर दव गोठते त्या दिवसांत आमच्या रेडिएटरपेक्षा फटी बुजवण्याचा उपयोग अधिक होतो. सोलर आधीच का सुचवले नाही, असेही आपण विचारले आहे. पावसाळ्याचे चार महिने इथे फारसे ऊन नसते, तेव्हा त्यालाही शेवटी कॉइलच लागली असती.

आमच्याकडून पुढील गोष्टी विनामूल्य होतील. रिटर्न लाइन खाली घेऊ, गच्चीवरच्या उघड्या पाइपांना इन्सुलेशन चढवू, आणि वीज गेल्यावर मागे पडणारा टायमर काढून बॅटरीचा टायमर बसवू, जो सकाळी साडेदहा ते साडेतीन चालेल. रेडिएटर ठेवायचा की काढायचा हे आपण ठरवावे. काढल्यास त्याची पूर्ण रक्कम, मजुरीसह, परत मिळेल, आणि ठेवल्यास तो रात्री दहाला आपोआप बंद होईल अशी सोय करू, म्हणजे पहाटेचे पाणी राखले जाईल. बिलावर सवलतीच्या वेळेतील युनिट वेगळे दाखवलेले असतात. पुढच्या बिलात ते वाढलेले दिसतात का, हे आपण आणि मी एकत्र बसून पाहू.

आमचा प्लंबर आणि मी बुधवारी सकाळी साडेनऊला येत आहोत. त्या वेळी पाणी एक-दोन तास बंद राहील, तेवढे आई-वडिलांना आधी सांगून ठेवावे, ही विनंती.

आपला,
मालक, सातारा